बाईसाहेबांच्या पोटाचे खवले

१

आमची मुलगी सात वर्षांची असताना एकवीस दिवस तापात होती. बाविसाव्या दिवशी सकाळी मी देवासमोर बसले आणि बोलून गेले, "हिला उठून बसव. माझ्या दारात आलेला आजारी जीव मी कधी परत पाठवणार नाही. कोण, कुठला, कशाला आला, काही विचारणार नाही." तिसऱ्या दिवशी पोरीनं उठून बिस्किट मागितलं. आता ती संसाराला लागली आहे आणि माझ्या ब्लडप्रेशरवरून फोनवर मलाच झापते.

बोलताना माझ्या डोळ्यांसमोर मांजरं होती, फार तर एखादं कबुतर. पुढे तसंच झालं. पंख मोडलेला कावळा आला, आंधळी मांजर आली, शेजारणीचा ससा आला. आमचे हे शिंपी. मशीनवरून मान वर न करता विचारायचे, "आज कोण दाखल?" साप माझ्या मनात कधीच नव्हता. पण देवाशी बोलताना आपण काही यादी देत नाही.

एका सकाळी धाकटे भाऊजी दारात उभे राहिले. हातात चादरीनं झाकलेली काचेची पेटी.

"वहिनी, येऊ का आत?"

"या की. विचारता काय?"

"एकटा नाहीये."

माझी जाऊ, भाऊजींची बायको, वारून आठ महिने झाले होते. तिनं चौदा वर्षं एक साप पाळला होता. अजगरातली छोटी, बिनविषारी जात. तपकिरी अंग, त्यावर काळे डाग, जाडीला मनगटाएवढी आणि लांबीला माझ्या दोन हातांच्या पसाऱ्याहून थोडी कमी. जाऊ तिला बाईसाहेब म्हणायची, कारण मनात आल्याशिवाय ती जेवायची नाही. मी त्यांच्या घरी गेले की दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि चहा तिथेच मागायची.

भाऊजींनी पेटी टेबलावर ठेवली, बाईसाहेबांना अलगद उचललं आणि पोट माझ्याकडे केलं. सापाच्या पोटाला आडवे रुंद खवले असतात, एकाखाली एक, खिडकीच्या पट्ट्यांसारखे. ते पांढरे हवेत. हिचे जागोजागी तपकिरी झाले होते, कडा उचलल्या होत्या, काहींवर पाण्याचे फोड होते. ओल्या रद्दीसारखा वास येत होता.

"माझ्यामुळे झालं," भाऊजी म्हणाले. जाऊ कधीतरी बोलली होती की हवेत ओल असली म्हणजे कात नीट सुटते. ती गेल्यावर या माणसानं रोज सकाळ-संध्याकाळ पेटीत पाणी शिंपडलं. एक दिवस चुकवला नाही. खालचे कागद भिजून लगदा झाले तरी शिंपडत राहिला. भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवतात. त्या दिवशी बाईसाहेबांना परत ठेवल्यावर त्यांना पेटीचं झाकण बसवता येईना.

"जेवून आलात का?" मी विचारलं.

"ती पाच आठवडे जेवली नाहीये, वहिनी. तिनं खाल्लं की खाईन."

शर्टाची कॉलर त्यांच्या गळ्याभोवती सैल झाली होती. हे शिंपी असल्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. दोन बोटं सैल चालते, ही चार बोटं होती. माझ्या दारात एक नव्हे, दोन आजारी जीव आले होते आणि एक वाचला तरच दुसरा वाचणार होता.

२

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि तुटक बोलणाऱ्या. "पेटी कोरडी. खाली साधा कागद, रोज नवा. एका बाजूला ऊब. पाणी शिंपडायचं नाही, कोणी काही म्हणो." भाऊजींनी मान खाली घातली. "दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शनला आणा. रोज वीस मिनिटं औषधाच्या कोमट पाण्यात बसवायचं. आयोडीन इतकंच, की पाणी फिक्या चहासारखं दिसेल. मग टिपायचं, घासायचं नाही, आणि मलम. एका खवल्याला कापसाची एक काडी. तीच काडी दुसऱ्याला लावली तर रोग तुम्हीच पुढे न्याल."

"आणि नाही बरं झालं तर?" भाऊजी म्हणाले.

"पोट लाल व्हायला लागलं तर रक्तात उतरलं समजायचं. मग माझ्या हातात काही नाही."

त्यांनी गळ्यापासून शेपटीपर्यंत पोटाचे खवले मोजून दाखवले. दोनशे तीन. त्यातले एकतीस खराब. म्हणाल्या, प्रत्येक खराब खवल्याचा नंबर वहीत लिहा, म्हणजे कोणता सुधारला ते कळेल.

मला मोजायची सवय आहे. माझा जप बरोबर वीस मिनिटांत होतो, घड्याळ लावून बघा. म्हणून, दोघं आमच्याकडेच राहिल्यावर, आमचं असं ठरलं. दहाला भाऊजी बाथरूममध्ये हिरव्या टबात फिकं पाणी करायचे, मनगट बुडवून बघायचे, बाईसाहेबांना सोडायचे, भोकांचं झाकण लावायचे आणि वर यांची जुनी लोखंडी इस्त्री ठेवायचे. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जपाला बसायची. भाऊजी मला जपातून कधी उठवायचे नाहीत, त्यांच्या बायकोनं तेवढं वळण लावलं होतं. जप झाला की मी बाथरूममध्ये जाऊन बुटक्या स्टुलावर बसायची.

आता खरं सांगते, मला भीती वाटायची ती तिच्या तोंडाची. तेव्हा मी आधी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकायची. डोकं झाकलं की ती शांत राहायची आणि मीही. मग मांडीवर फडकं पसरून पोट वर करायचं आणि एकेक वीत उघडं करत मोजत जायचं. एक, दोन, तीन. खराब खवला आला की काडी, मलम, काडी बशीत.

पुढच्या खोलीत यांचं मशीन चालू असायचं. मधूनच आवाज यायचा, "चावली का?"

"अजून नाही."

"मग शिवण पुरी करतो."

३

सहाव्या दिवशी काड्या कमी पडल्या.

मी एकतीस मोजून घेतल्या होत्या. बशीत एकतीस पडल्या आणि मांडीवर अजून तीन खवले तपकिरी होते. मला वाटलं, आजार वाढला. वही बघितली तर नंबर लिहिले होते दोनशे आठ, दोनशे अकरा, दोनशे चौदा.

दोनशे तीनला तर शेपटी सुरू होते.

मी स्वतःशीच हसले. चाळिशी लागून पंधरा वर्षं झालेली बाई, वर झाकोळलेला झरोका. एखादी ओळ दोनदा मोजली असणार. दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून मोजले तर बरोबर दोनशे तीन आणि खराब फक्त एकोणतीस. दोन सुधारले होते! ते कालचे तीन जादा मी खोडलेसुद्धा नाहीत. आनंदात कोण हिशेब बघतो?

नवव्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी ती मांडीवर जड लागली. सहा आठवड्यांची उपाशी, आणि जड. मोजणी दोनशे एकेचाळीसवर थांबली आणि मी मध्येच टॉवेलसकट तिला टबात परत ठेवलं. का, ते आता आठवत नाही. दूध उतू जाईल असं काहीतरी मनाला सांगितलं. गॅसवर दूध नव्हतं.

परत आले तर टबात बाईसाहेब नेहमीएवढ्याच. टॉवेल मात्र वॉशबेसिनखाली पडला होता. तिथे पाइपांच्या पोकळीला एक लाकडी झडप आहे, कधीच नीट न लागणारी. पाच मजल्यांचे पाइप त्या पोकळीतून जातात, आम्ही दुसऱ्यावर. झडपेपासून टबापर्यंत फरशी ओली होती. ओल सरळ नव्हती आणि रुंदीला पोतेऱ्याच्या एका हाताएवढी होती.

भाऊजींनी पुसलं असेल, म्हटलं. भाऊजींना विचारलं नाही. ते "मी नाही" म्हणाले असते तर मला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

४

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझी वही चाळली आणि पहिल्यांदा हसल्या.

"मावशी, दोनशे एकेचाळीस? या जातीला इतके खवले नसतातच. दोनशेच्या आसपास संपतात."

"चुकलं असेल मोजताना."

"जपाची सवय. मोजत सुटता. पण मलम चांगलं लावताय. ही सुधारतेय."

भाऊजी तिथेच खुर्चीवर बसले. सुधारतेय हा शब्द त्यांनी दोनदा म्हणायला लावला. घरी येऊन मात्र परत चहावरच. "सुधारतेय म्हणाल्या, जेवली म्हणाल्या नाहीत." मी चिडले. "तुमची बायको असती तर कानाला धरून बसवलं असतं ताटावर!" ते म्हणाले, "असती तर मी पाणी कशाला शिंपडलं असतं, वहिनी?" मी ताट झाकून ठेवलं.

त्या दिवसांत मला एक आवाज ऐकू यायला लागला. दिवसाढवळ्या, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. बाथरूमच्या भिंतीतून. पाणी वाहिल्याचा नव्हे. कोणी खडबडीत कापडाचा तागा हळूहळू उलगडत वर नेत असावं, असा. यांना विचारलं तर म्हणाले, "वरच्यांनी सतरंजी घेतली असेल." भिंतीतून कोण सतरंजी नेतं? पण मशीन सुरू झालं आणि तो आवाज त्यात मिसळून गेला. मीही मिसळू दिला.

५

तेरावा दिवस. बाथरूमचा दिवा आदल्या संध्याकाळी गेला होता. हे बदलतो बदलतो म्हणत होते. झरोक्यातून सकाळचा उजेड येत होता, तेवढ्यात भागेल म्हटलं.

जप झाला. बाथरूममध्ये गेले. इस्त्री झाकणावर होती, ती उतरवली. झाकण काढलं. आत वेटोळं काळपट दिसलं. सवयीनं आधी टॉवेल टाकला, मग दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. म्हटलं, रात्रभर नीट झोप नाही, माझेच हात गेलेत. स्टुलावर बसले आणि पोट वर केलं.

एक, दोन, तीन.

वास जास्त होता. सातवा खराब, आठवा खराब, नववा खराब. काल तर हे चांगले होते! मी काड्या घेत गेले. पन्नासपर्यंत एकही पांढरा खवला आला नाही. माझे डोळे भरून आले, कारण पेटीबाहेर बसलेला तो चहावरचा माणूस मला दिसत होता. आता याला काय सांगू? काड्या संपल्या. फडक्याचे कोपरे करून लावायला लागले. शंभर. दीडशे. खवले दोन बोटं रुंद होते, ते तीन बोटं झाले. जिथे अंग निमुळतं व्हायला हवं तिथे ते माझ्या मांडीत मावेना. दोनशे तीन आला. शेपटी आली नाही. दोनशे चार आला.

बाल्कनीतून भाऊजींचा आवाज आला. आठ महिन्यांत मी तो आवाज असा ऐकला नव्हता.

"वहिनी! झाला का जप? लवकर या! बाईसाहेब कात टाकतायत! माझ्या मांडीवर!"

माझा हात दोनशे एकोणीसवर होता.

"टबात नाक घासायला लागली म्हणून मघाशीच काढली," ते ओरडत होते. "तुम्ही जपात होतात. या ना! काय करताय?"

"औषध लावतेय," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं.

तिकडून मग हसू. "कुणाला?"

मांडीवरच्या टॉवेलखाली काहीतरी श्वास घेत होतं. टॉवेल वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. फार सावकाश. मी ओरडू शकले असते. उठू शकले असते का, ते सांगता येत नाही, इतका भार होता. मी खाली बघितलं ते फक्त हातापुढच्या खवल्याकडे. त्यावर फोड होता, आणि माझं बोट लागताच तो फुटला. तेव्हा आतलं सगळं अंग थरारलं, आमची पोर जखम धुताना थरारायची तसं. पण पाय ओढून घेतला नाही. पाय नव्हतेच म्हणा. मला काय म्हणायचंय ते कळलं तुम्हाला. त्यानं सोसलं.

"झालं हं," मी म्हणाले. "झालं, झालं."

आणि दोनशे वीसपासून पुढे लावत गेले.

तीनशेच्या पुढे खवला माझ्या तळव्याएवढा होता. मी एक वीत पुढे ओढायची आणि ते तितकंच यायचं, शहाण्यासारखं. कुठून येतंय ते मी बघणार नव्हते. पण मलमाची नळी पिळताना हातातून निसटली आणि वॉशबेसिनखाली गेली. ती घ्यायला वाकले.

झडप उघडी होती. आत पाइप दिसत नव्हते. पाइपांच्या जागी, खालून वर, ताटाएवढाल्या आडव्या पट्ट्या होत्या. सगळ्या तपकिरी. वरच्या मजल्याकडे किती गेल्या होत्या कोण जाणे, आणि खालच्याकडेही. त्या हलत होत्या, आमच्याकडे.

मी नळी घेतली आणि सरळ झाले.

चारशे बाराव्या खवल्यावर मलम संपलं. नळी कापून आतलंही बोटानं काढून लावलं. मग मी टॉवेलच्या दिशेला तोंड करून, डोळे मिटून म्हणाले, "आज एवढंच आहे माझ्याकडे. राहिलेलं पुढच्या वेळी."

टॉवेल माझ्या गुडघ्यावर आला. त्याखालचं वजन तिथे थोडा वेळ टेकलं, झोपलेल्या मुलाचं डोकं टेकतं तसं. ऊब नव्हती, पण गारही नव्हतं. मग मांडीवरून ते सरकायला लागलं. मी मोजलं नाही. यांच्या मशीनवर एक अख्खी शिवण झाली, दोरा तुटला, हे काहीतरी पुटपुटले, दुसरी शिवण सुरू झाली, तरी ते जातच होतं.

झडप लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नीट लागली.

६

बाल्कनीत ऊन होतं. भाऊजी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि बाईसाहेब त्यांच्या पायांच्या फटीतून अंग घासत पुढे जात होत्या. मागे पायमोजा उलटा काढावा तशी कात सुटत होती, अख्खी, एका तुकड्यात. तपकिरी डाग कातीवर राहिले होते. खालचं पोट पांढरं, नवं, कोवळं. दोन-तीन ठिकाणी नुसत्या पुसट खुणा.

"बघा," भाऊजी म्हणाले. "बघा ना, वहिनी." ते रडत होते आणि हसत होते. मी त्यांच्याशेजारी बसले. माझ्या साडीला आयोडीनचा वास होता आणि मांडीवर ओल होती, ती उन्हात वाळली. मी त्या सापाच्या पाठीवर पहिल्यांदा उघड्या हातानं थोपटलं. तोंडाकडूनसुद्धा.

चौथ्या दिवशी बाईसाहेब जेवल्या. तो कार्यक्रम भाऊजींचा, मी तेव्हा भाजी आणायला जाते. परत आले तर भाऊजी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्याच कालचं झाकलेलं ताट खात होते. "बसून खा की!" मी म्हटलं. तोंड भरलेलं होतं, त्यांनी नुसता हात हलवला. त्यांची पाठ बघत मी पिशवी हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. देवा, इतकं हलकं मला मुलीनं बिस्किट मागितलं तेव्हाच वाटलं होतं.

झडप मी यांच्याकडून उघडून घेतली. आत तीन पाइप, कोळ्याचं जाळं, आणि फट इतकी अरुंद की माझा हात कोपरापर्यंतही जाईना. जाळं कुठेही तुटलेलं नव्हतं. "काय शोधतेस?" यांनी विचारलं. "काही नाही, मलमाची नळी." हे माझ्याकडे बघत राहिले. नळी माझ्या हातात होती.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. तेराव्या दिवसाच्या पानावर मी चारशे बारापर्यंतचे नंबर लिहिले होते, त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. या वेळी हसल्या नाहीत.

"हा दुसरा पेशंट?"

"हो."

"बरा झाला?"

"थोडा," मी म्हणाले. "अंग फार मोठं आहे हो त्याचं."

त्यांनी काही न विचारता मलमाच्या चार नळ्या जादा लिहून दिल्या.

७

त्या नळ्या अजून माझ्या कपाटात आहेत. बाईसाहेब बऱ्या झाल्या, भाऊजींची कॉलर आता दोनच बोटं सैल आहे, आणि आमच्या बाथरूममध्ये फिक्या चहासारखं पाणी करायची गरज उरलेली नाही. दर काही दिवसांनी मी उगाच टब भरून ठेवते. झाकण उघडते तेव्हा नुसतं पाणी असतं. मला वाटतं, जिथे कोणी खरंच कुणाला बरं करत असतं तिथेच ते येत असावं. रांगेत शेवटी उभं राहून, आपला नंबर कधी लागतो ते बघत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही घरी कधी साप, कासव, मांजर, कोणीही आजारी येईल. तुम्ही औषध कराल, आणि एके दिवशी मांडीवरचा जीव नेहमीपेक्षा जड लागेल. घाबराल, मीही घाबरले होते. पण त्यानं माझं काही वाकडं केलं नाही, उलट माझ्या घरातले दोन जीव उठून बसले. टॉवेल उचलू नका. कोण, कुठला, विचारू नका. काड्या जास्त आणून ठेवा, मलमही, आणि पहिल्यापासून मोजत बसू नका, आधीचं मी केलंय.

चारशे तेरापासून पुढचे खवले राहिलेत. तेवढे तुम्ही लावा.